ट्रेलर जोडल्यावर अ‍ॅव्हरेज निम्म्यावर का येते आणि त्यातले किती परत मिळवता येते

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपली २.२ लिटर डिझेल इंजिनाची सात आसनी गाडी एकटी चालवली की लिटरमागे १४ किलोमीटर देते. आपण सुमारे १,३०० किलो वजनाचा राहण्याचा ट्रेलर, म्हणजे ज्याला आता सगळेच कॅरॅव्हॅन म्हणतात तो, घेतलात आणि तो जोडून सागरी मार्गाने गुहागरहून मालवणला जाऊन आलात, तेव्हा अ‍ॅव्हरेज साडेसातावर आले. गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, बदलायला सांगितले आहेत आणि तो खर्च मोठा आहे. इंजिनात खरोखर बिघाड आहे का, घाट उतरताना न्यूट्रल करावे का, ट्रेलरमधली पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघावे का, आणि पुढच्या वेळी मुंबई-गोवा महामार्गाने जावे की पुन्हा सागरी मार्गानेच, असे आपले चार प्रश्न आहेत. गेली बावीस वर्षे मी मासेमारीच्या आणि पर्यटनाच्या फायबरच्या होड्या, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि अलीकडे कॅरॅव्हॅन असे ट्रेलर कोकणातल्या रस्त्यांवरून ओढत आलो आहे, तेव्हा त्या अनुभवावरून आणि थोड्या आकडेमोडीच्या आधाराने उत्तर देतो.

इंजेक्टर आत्ता बदलू नका. गाडी एकटी चालवताना आजही १४ देत असेल, सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू होत असेल आणि चढावर काळा धूर सोडत नसेल, तर इंजेक्टर दोषी असण्याचे कारण मला दिसत नाही. इंजेक्टर गळत असेल किंवा त्याचा फवारा बिघडला असेल, तर ते दुखणे गाडी एकटी असतानाही दिसते. मागे ट्रेलर जोडल्यावर ते जागे होते आणि सोडल्यावर झोपते, असे होत नाही. जो खर्च ट्रेलर जोडल्यावरच वाढतो, त्याचे कारण ट्रेलरमध्ये, रस्त्यामध्ये किंवा चालवण्याच्या पद्धतीत शोधावे लागते. यंत्र उघडण्याआधी एवढा विचार गॅरेजवाल्याने करायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता किती घट रास्त आहे ते पाहू. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मागे खेचतात: टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि समोरची हवा. टायरचा विरोध वजनाच्या प्रमाणात असतो आणि चांगल्या डांबरी रस्त्यावर तो एकूण वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का धरतात. हवेचा विरोध मात्र वजन विचारत नाही. तो समोरच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आपली माणसांसह भरलेली गाडी २,१०० किलोची आणि ट्रेलर १,३०० किलोचा धरला, आणि गाडीच्या टपाच्या वर हातभर उंच व दोन्ही बाजूंना वीतभर रुंद येणाऱ्या चौकोनी कॅरॅव्हॅनमुळे हवेचा विरोध दुपटीच्या आसपास गेला असे मानले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला एकट्या गाडीला सुमारे ५६० न्यूटन आणि जोडगाडीला सुमारे १,०५० न्यूटन जोर लावावा लागतो. म्हणजे काम जवळजवळ १.९ पट होते. इंजिन जरा जास्त भारावर चालले की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते, त्यामुळे डिझेल तितक्या पटीने वाढत नाही. ते साधारण १.७ पट होते. चौदाला १.७ ने भागले की सव्वाआठ येतात. तेव्हा आठ ते साडेआठ ही आपल्या जोडगाडीची सपाट रस्त्यावरची नैसर्गिक पातळी आहे, आणि सागरी मार्गाच्या चढ-उतारावर साडेसात येणे हे बिघाडाचे लक्षण नाही. मात्र त्यात सुधारणेला वाव नक्की आहे.

हा वाव अ‍ॅव्हरेजच्या भाषेत लहान दिसतो, म्हणून तो लिटरमध्ये मोजण्याची सवय लावून घ्या. साडेसाताचे साडेआठ झाले तर ऐकणाऱ्याला एकाचाच फरक वाटतो. पण ३०० किलोमीटरच्या प्रवासाला पहिल्या हिशेबाने ४० लिटर लागतात आणि दुसऱ्याने ३५. एकट्या गाडीचे १४ चे १५ झाले तर तेवढ्याच अंतरात जेमतेम दीड लिटर वाचते. ट्रेलर ओढणाऱ्याने अ‍ॅव्हरेजमधल्या प्रत्येक पाऊण-एक आकड्यासाठी झटावे ते यामुळेच.

सर्वांत मोठी बचत वेगात आहे. वरच्याच हिशेबाने जोडगाडीला ताशी ६० ला सुमारे ७७० न्यूटन, ८० ला १,०५० आणि १०० ला १,४२० न्यूटन जोर लागतो. म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की किलोमीटरमागचे काम एक तृतीयांशाहून अधिक वाढते आणि ८० वरून ६० वर आलात की चक्क सव्वीस-सत्तावीस टक्के कमी होते. चिपळूणच्या पुढे चौपदरी काँक्रीटचा रस्ता लागला की पाय आपोआप दाबला जातो, हे मला ठाऊक आहे. पण संगमेश्वर ते हातखंबा हे अंतर ८० ने कापले काय आणि ६५ ने कापले काय, वेळेतला फरक एका चहाइतका पडतो. मी स्वतः कॅरॅव्हॅनला ६० ते ६५ आणि ताडपत्री घट्ट बांधलेल्या होडीला ७० पर्यंत वेग ठेवतो. ताडपत्री घट्ट हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडू लागली की ती शिडासारखी उलटी ओढते आणि दोन तासांत तिच्या रिंगाही फाटतात.

वेगाबरोबर वाऱ्याचा विचार करावा लागतो आणि किनाऱ्यावर तो फार महत्त्वाचा आहे. हवेला आपला वेगमापक दिसत नाही. तिला गाडी आणि वारा यांचा मिळून होणारा वेग लागतो. आपण ६० ने जात असताना समोरून १५ किलोमीटरचा वारा असेल, तर हवेचा विरोध ७५ ने जात असल्याइतका होतो आणि एकूण काम पाव हिश्शाने वाढते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारी खारे वारे जोर धरतात, आणि ते बहुधा वायव्येकडून येत असल्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे येणाऱ्याला, म्हणजे मालवणहून गुहागरला परतणाऱ्याला, ते समोरून आणि बाजूने एकदमच लागतात. उघड्या सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या जांभ्याच्या पठारावर, बाजूचा वारा चौकोनी ट्रेलरला ढकलतो, चालक सतत स्टिअरिंग सावरत राहतो आणि तेवढे टायर घासत जातात. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, वारा मंद असतो, हवा गार असते आणि रस्ता मोकळा असतो. तेव्हा पहाटे पाचला निघून अकरापर्यंत मुक्काम गाठणे हा माझा नेहमीचा नियम आहे, आणि तेवढ्यानेच परतीच्या प्रवासात मला फरक दिसत आला आहे.

आता कोकणाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्याकडे डिझेल चढावर जाते असे सगळे म्हणतात, आणि ते अर्धेच खरे आहे. चढताना खर्च केलेले डिझेल उंचीच्या रूपाने साठून राहते. ते उतारावर परत मिळते की ब्रेकमध्ये जळते, यावर खरा हिशेब ठरतो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो. आपली ३,४०० किलोची जोडगाडी ६०० मीटर उंच चढवायला, म्हणजे आंबोलीसारखा एक पूर्ण घाट चढायला, केवळ उंचीपोटी सुमारे १.७ लिटर लागते; एकट्या गाडीला तिथेच एक लिटर लागते. पण आपल्या प्रवासात असा घाट नव्हताच. आपल्या प्रवासात होते ते सडे आणि खाड्या. गुहागरच्या किनाऱ्यावरून सड्यावर चढायचे, मग तवसाळला खाडीच्या काठावर उतरायचे, जयगडला पुन्हा चढायचे, गणपतीपुळ्याला पुन्हा समुद्राच्या पातळीवर यायचे, मग रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, देवगड. प्रत्येक खाडीला शे-सव्वाशे मीटरची एक उतरण आणि तेवढीच चढण ठरलेली आहे. सव्वाशे मीटरच्या एका चढणीला जोडगाडी सुमारे तिसरा हिस्सा लिटर पिते. दिवसात अशा दहा चढणी झाल्या की तीन लिटरांहून अधिक डिझेल केवळ उंचीवर जाते, आणि घाट चढल्याचे मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे डिझेल परत मिळते का, ते उताराच्या तीव्रतेवर अवलंबून आहे. ताशी ५० ला आपल्या जोडगाडीचा एकूण विरोध सुमारे ६५० न्यूटन आहे. शंभर मीटरला दोन मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षण जवळजवळ तेवढाच जोर पुढे लावते. म्हणजे अशा मंद उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने चालते, ब्रेकला पाय लावावा लागत नाही आणि चढताना घातलेले सगळे वसूल होते. उतार शंभराला पाच किंवा सहा मीटरचा झाला की पुढे ओढणारा जोर विरोधाच्या अडीच-तीन पट होतो, आणि तो जास्तीचा जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. सागरी मार्गावरच्या जुन्या उतरणी अशाच आहेत: तीव्र, वळणाच्या आणि खाली थेट गावात किंवा पुलाच्या तोंडाशी संपणाऱ्या. महामार्ग रुंद करताना चढ-उतार पुष्कळ सौम्य केले आहेत, वळणे सरळ केली आहेत, आणि कशेडीसारख्या ठिकाणी बोगद्यामुळे घाटच टळतो. म्हणून आपल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर असे की, ट्रेलर जोडलेला असताना अंतर काही किलोमीटरनी वाढले तरी मोडका आगर, शृंगारतळी, चिपळूण करून महामार्ग धरावा, खाली कसालपर्यंत जावे आणि तिथून मालवणकडे वळावे. सागरी मार्ग सुंदर आहे, तो मला स्वतःला फार प्रिय आहे. पण तो ट्रेलर मुक्कामी उभा करून एकट्या गाडीने हिंडण्याचा रस्ता आहे.

तवसाळ-जयगड किंवा दाभोळ-धोपावे जेट्टीने अंतर वाचते हे खरे आहे आणि फेरीबोटीवर असताना इंजिनही बंद असते. मात्र ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उतरणीचा कोन वाढतो आणि लांब ट्रेलरची शेपटी खाली टेकते. होडीच्या ट्रेलरचा मागचा दिव्यांचा पट्टा मी एकदा असाच धक्क्यावर गमावला आहे. तेव्हा भरतीची वेळ पाहून जावे आणि ट्रेलर घेतील का, हे आधी विचारून घ्यावे.

चढण चढताना खाली वेग जमवून धाव घेण्याचा मोह टाळा. आपल्या रस्त्यांवर चढाच्या पायथ्याशी बहुधा वळण, पूल किंवा वस्ती असते. तिथे घेतलेला वेग पहिल्याच वळणावर ब्रेकमध्ये जातो. पायथ्याशीच एक गिअर खाली घ्यावा आणि इंजिनाचे फेरे १,८०० ते २,५०० यांच्या दरम्यान ठेवावेत, कारण बहुतेक टर्बो डिझेल इंजिने याच टप्प्यात सर्वांत चांगली ओढतात. वेग पन्नासावरून पस्तीसवर आला तरी येऊ द्यावा. वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून इंजिनाला रखडवण्याने डिझेल वाचत नाही. इंजिन गरम होते, पंखा जोरात फिरू लागतो आणि तो पंखाही इंजिनाचीच ताकद खातो. गाडी स्वयंचलित गिअरची असेल, तर चढावर गिअर हाताने एका जागी धरून ठेवावा. वर-खाली होत राहणाऱ्या गिअरबॉक्समध्ये तेल तापते आणि त्या उष्णतेचे पैसेही आपणच मोजत असतो. चढ संपण्याच्या थोडे आधी पाय सैल करावा, माथा हळू ओलांडावा आणि उताराला लागावे. माथ्यावर साठने पोहोचलेली गाडी उतारावर लगेच ब्रेक मागते. चाळीसने पोहोचलेली गाडी उताराचा पहिला भाग फुकट घेते. मागे वाहने साचली असतील, तर जागा दिसताच कडेला घेऊन त्यांना जाऊ द्यावे, कारण मागून हॉर्न वाजू लागला की चांगला चालकही नको तिथे पाय दाबतो.

न्यूट्रलबद्दल मला ठामपणे लिहायचे आहे. घाटात न्यूट्रल मारून उतरल्याने डिझेल वाचते ही समजूत जुन्या गाड्यांच्या काळापासून चालत आली आहे आणि आजच्या इंजिनांना ती लागू नाही. आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आपण पाय पूर्ण उचलला की संगणक इंजेक्टरचा पुरवठा बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते आणि त्या काळात डिझेल शून्य जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायचे असते, म्हणून ते तासाला पाऊण लिटरच्या आसपास जाळत राहते. दहा किलोमीटरचा घाट ताशी ३० ने उतरताना वीस मिनिटे लागतात, म्हणजे न्यूट्रल मारणारा पाव लिटर जास्त जाळतो. आणि हा केवळ डिझेलचा हिशेब झाला. सहाशे मीटर उतरताना ब्रेकना जी उष्णता सोसावी लागते, तिच्यात सुमारे ५० लिटर गार पाणी उकळेल. गिअरमध्ये असताना तिच्यातला मोठा वाटा इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये ती सगळी ब्रेकवर पडते, पॅड तापून गुळगुळीत होतात, पॅडल मऊ पडते आणि मागून १,३०० किलो ढकलत असतात. फोंडा घाटात असा एक ट्रेलर कठड्याला टेकून थांबलेला मी पाहिला आहे. माणसे वाचली, पण चालकाचा तो थरथरणारा हात मला अजून आठवतो. ज्या गिअरमध्ये चढता, त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरा.

इथे एक बारकावा आहे. आपल्या ट्रेलरला ओव्हररन पद्धतीचे ब्रेक असतील, म्हणजे ट्रेलरने गाडीला मागून ढकलले की हुकाचा दांडा आत जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात असे असेल, तर इंजिनाच्या ब्रेकने उतरतानाही ते थोडे लागलेले राहतात आणि तापतात. त्यामुळे लांब घाटात मध्ये एकदा थांबून त्यांना निवू द्यावे. थांबल्यावर ट्रेलरचा हँडब्रेक ओढू नये, तापलेल्या ड्रमवर शू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

पाण्याच्या टाकीची काळजी डिझेलपुरती सोडून द्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ते शंभर किलोमीटर वाहून नेण्याचा टायरचा खर्च सुमारे १०० मिलिलिटर आणि सव्वाशे मीटरच्या दहा चढणींचा खर्चही तेवढाच. आपल्या शंभर किलोमीटरच्या तेरा लिटरांमध्ये हे पाव लिटरही नाही. वजन कमी करण्याची धडपड करणारे लोक मग ८५ ने गाडी हाकतात, तेव्हा मला वाईट वाटते, कारण त्यांनी वाचवलेले सगळे पहिल्या दहा किलोमीटरमध्ये हवेत जाते. टाकी अर्धी मात्र ठेवू नका. अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर हिंदकळते आणि ट्रेलर डोलतो. पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा. सामान लावताना जड वस्तू एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाके ज्यावर बसतात त्या आडव्या दांड्याच्या, जवळ आणि खाली ठेवून हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या बाबतीत ९० किलोच्या घरात भार येईल असे पाहा. गाडीच्या पुस्तिकेत त्याहून कमी मर्यादा दिली असेल, तर ती पाळा. घरातला वजनकाटा आणि हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा घेतला की हे पाच मिनिटांत मोजता येते. हुकावर भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो, आणि हलणारा ट्रेलर सरळ ट्रेलरपेक्षा जास्त डिझेल खातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो धोकादायक असतो.

आता ट्रेलरकडे वळू, कारण आपल्या साडेसातमधला अर्धा-पाऊण आकडा मला तिथे लपलेला वाटतो. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर एक ट्रेलर घेऊन मी सावंतवाडीला निघालो होतो. हा ट्रेलर मला नेहमी आठच्या वर देत असे. त्या दिवशी मात्र गाडी जड वाटत होती आणि काटा भराभर खाली येत होता. कणकवलीजवळ चहाला थांबल्यावर सवयीने चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, हात फिरवला. उजवीकडचा हब उन्हात ठेवलेल्या भांड्याइतका कोमट होता. डावीकडच्यावर हात टेकवलाच नाही, चार बोटे दूर असतानाच त्याची झळ लागली. बाटलीतले पाणी शिंपडले तर ते चर्र करून उडाले आणि करपलेल्या शूचा वास आला. चार महिने ट्रेलर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हँडब्रेक ओढून उभा होता. खाऱ्या दमट हवेने हँडब्रेकची केबल आतून गंजली होती, शू ड्रमला टेकलेलेच राहिले होते, आणि निघण्यापूर्वी ज्याच्याकडे सर्व्हिसिंगला दिला होता त्या कारागिराने चाक फिरवून न बघता शू आणखी आवळून दिले होते. टेकून राहणारे असे एक चाक २०० न्यूटनचा जास्तीचा विरोध सहज करू शकते, आणि आपल्या जोडगाडीच्या हिशेबात तो जवळजवळ एक पंचमांश आहे. त्या दिवशी सव्वाआठाचे मला पावणेसात मिळाले होते.

म्हणून आपण हे करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सपाट काँक्रीटवर ट्रेलर सोडून हँडब्रेक काढा आणि दोन माणसांनी ढकलून बघा; १,३०० किलोचा असला तरी तो सुटला की सहज चालत राहिला पाहिजे. मग एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घासल्याचा आवाज किंवा खरखर येत असेल, तर शू, केबल आणि बेअरिंग तिथेच उघडून पाहा. ट्रेलरच्या टायरची हवा सकाळी, टायर गार असताना मोजा आणि ट्रेलर बनवणाऱ्याने सांगितली आहे तेवढी पूर्ण ठेवा. गाडीच्या टायरकडे सगळ्यांचे लक्ष असते. ट्रेलरचे टायर मात्र महिनोन्‌महिने उन्हात उभे राहून हळूहळू बसतात आणि हवा कमी असलेला टायर फिरताना स्वतःलाच मळत डिझेल खातो. टायरची एकच कड झिजत असेल, तर एक्सल तिरका बसला आहे असे समजा. गाडीचा एअर फिल्टरही काढून झटका. जांभ्याच्या रस्त्यावरची तांबडी धूळ तो इतक्या लवकर भरते की कंपनीने सांगितलेल्या मुदतीची वाट पाहण्यात अर्थ नाही. टपावर वारा वर वळवणारा पत्रा बसवण्याबद्दल लोक विचारतात. त्याचा थोडा फायदा होऊ शकतो, पण उंची आणि कोन नेमका जमला तरच, त्यामुळे मी त्यावर शेवटी खर्च करेन.

राहता राहिली मोजणी. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा गोड बोलतो, त्यामुळे त्यावर निर्णय घेऊ नका. एकाच पंपावर, एकाच बाजूला गाडी उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच टाकी भरा आणि परत आल्यावर तिथेच तशीच भरा. पंधरा लिटरांच्या मोजणीत एका लिटरची चूक झाली तरी अ‍ॅव्हरेज अर्ध्या आकड्याने खोटे दिसते. म्हणून किमान ३०० किलोमीटर झाल्याशिवाय आकडा धरू नका. आपली गाडी २०२० नंतरची, बीएस-६ असेल, तर धूर गाळणारा फिल्टर मधूनच स्वतःला जाळून साफ करतो आणि त्या फेरीत डिझेल जास्त जाते. एका टाकीवरून निष्कर्ष न काढण्याचे ते आणखी एक कारण आहे. हबची तपासणी आणि टायरची हवा एवढे करून, महामार्गाने, पहाटे निघून, ६५ च्या आत वेग ठेवून दोन टाक्या मोजा, आणि मधल्या काळात गाडी एकटी असतानाची एक टाकीही मोजा. एकट्या गाडीचा आकडा १४ वरून १२ च्या खाली उतरलेला दिसला, तर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर तपासून घ्या, त्याचा लेखी अहवाल मागा आणि जो बिघडला असेल तेवढाच बदला. तो १४ वरच असेल, तर गॅरेजवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. दोन्ही टाक्यांचे आकडे आणि प्रत्येक थांब्यावर दोन्ही हब किती तापले होते, हे मला लिहून कळवा. त्यावरून पुढचे सांगता येईल.